बाईंचा गुरुवार

टेबलाचे चारही पाय कापून झाल्यावर वहिनीच्या लक्षात आलं, की या कामाबद्दल घरात सगळ्यांना विचारलं, गावातही निम्म्यांना विचारलं, फक्त जिचं टेबल तिलाच विचारायचं राहिलं. आणि ती धाकटी नणंद आज, रविवारी, रजा काढून दहाच्या बसने येणार होती, संमतीपत्रावर सही करायला.

वहिनीने सुतारखोलीचं दार उघडून पुन्हा एकदा बघितलं. सासरे होते तेव्हा हे टेबल तिच्या कमरेला लागायचं. चाळीस वर्षं त्यांनी त्यावर लाकूड तासलं. आता ते गुडघ्याएवढं झालं होतं, वर पिवळा रंग, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, भोवती दहा पोरं आरामात मांडी घालून बसतील असं. परवा ते तयार झालं तेव्हा तिला इतका आनंद झाला, की तिने नवऱ्याला न मागता दोनदा चहा दिला. तो, म्हणजे धाकटीचा दादा, वायरमन, करवतीशी त्याचा संबंध कमीच. तरी बिचाऱ्याने अख्खी संध्याकाळ त्यात घातली होती.

तिची बाजू अगदीच लंगडी नव्हती. सासूबाईंची, म्हणजे बाईंची बालवाडी घराच्या पुढच्या खोलीत अडतीस वर्षं चालली होती. पगार कोणालाच नाही, बाईंनाही नाही. गावातल्या बायका आठवड्यातला एकेक वार शाळेला द्यायच्या आणि ज्या वारी जी यायची त्या वाराचंच नाव तिला पडायचं. टपालवाल्याची बायको सोमवार, शिंपीण मंगळवार. ‘बुधवारच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं’, ‘शनिवारला मुलगा झाला’ असल्या बातम्या या गावात कोणाला विचित्र वाटायच्या नाहीत. वहिनी स्वतः शुक्रवार. बाई मात्र सहाही दिवस, आणि गुरुवारी एकट्याच. पण नवा रस्ता झाला, पलीकडच्या वस्तीतली पोरंही येऊ लागली आणि वीस जणांच्या खोलीत चौतीस बसू लागली. आणखी चौदा नावं यादीत खोळंबली होती. वहिनीला ती चौदाच्या चौदा पाठ होती. दुसरी खोली हवीच होती, आणि दुसरी खोली एकच होती, भिंतीपलीकडची सुतारखोली. ती सासऱ्यांनी जाताना लेकीच्या नावावर केली होती.

“ताई खूशच होतील,” ती सगळ्यांना सांगत सुटली होती. “बाबांचं टेबल पोरांच्या कामी येतंय म्हटल्यावर कोण नाराज होईल?”

यावर मामांनी नुसतं “हं” केलं होतं. मामा म्हणजे बाईंचे भाऊ, या घरातल्या प्रत्येक भांडणात दोन्ही बाजूंनी बोलावले जाणारे. त्यांच्या ‘हं’चा अर्थ ‘नाही’ असतो हे वहिनीला लग्नाला वीस वर्षं होऊनही उमगलं नव्हतं.

धाकटी आली. पिशवी खांद्यावरच, पाणीही न पिता सरळ सुतारखोलीत गेली. नेहमी तसंच करायची. वहिनी मागोमाग हसत गेली, ‘बघा तरी’ म्हणायला, आणि उंबऱ्यातच थबकली.

धाकटी टेबलापाशी उकिडवी बसली होती. एक्केचाळीस वर्षांची बाई, अर्धे केस पांढरे, कामावरच्या फेऱ्यांनी झिजलेल्या चपला. तिने टेबलाखाली हात घातला, मग खाली वाकून बघितलं. तिथे आता लहान पोरसुद्धा धड बसलं नसतं.

“कोणी कापलं?” तिने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. वहिनीला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

*

शाळेला सुट्टी म्हणून पुढची खोली रिकामी होती. तिथे पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन, घरातली सगळी मोठी माणसं बसली. संमतीपत्र मधल्या बाकावर होतं, त्यावर खडूचा डबा ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

“मी कापलं,” दादा म्हणाला. आणि लगेच, “पण सांगितलं हिने.”

वहिनीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की मामांनी घाईघाईने चष्मा पुसायला काढला.

“मी सांगितलं. सगळ्यांना विचारून सांगितलं. बाईंनाही विचारलं होतं. हो की नाही बाई?”

“मी ‘बघा बाई’ म्हणाले होते,” बाई म्हणाल्या.

“बघा बाई म्हणजे हो की नाही?”

“बघा म्हणजे बघा.”

“वा!” वहिनी म्हणाली. “म्हणजे मी एकटीच. कापताना सगळे होते, आता मी एकटी.”

“अगं, आपलेच दात नि आपलेच ओठ,” मामा म्हणाले. “एकटी कशाला म्हणतेस? चुकलंच आमचं. धाकटे, तुला कळवायला हवं होतं. पण तुझे बाबा गेल्यापासून चार वर्षांत तू तरी किती वेळा आलीस सांग? टेबलाची एवढी ओढ होती तर...”

“मामा, टेबलाबद्दलच बोला,” धाकटी म्हणाली.

दादाला खरं सांगायचं नव्हतं, आणि खरं हे होतं की पहिला पाय कापताना त्याला बरं वाटलं होतं. बाबांनी त्याला कधी रंधा धरू दिला नाही. “तुझा हात सरळ नाही,” म्हणायचे, आणि धाकटीला मात्र लाकडाचा कोना तपासायला द्यायचे. तो बारा वर्षांचा होता, ती सातची. पुढे तो तारा जोडायला शिकला, गावभर उजेड केला, बाबांच्या डोक्यावरचा दिवाही त्यानेच लावला. त्या दिव्याखाली त्यांनी जाताना खोलीचा कागद केला, तो हिच्या नावावर. आईबाबांची दुखणी कोणी काढली? गळकं छप्पर कोणी शाकारलं? त्याने करवत हातात घेतली तेव्हा मनात हे सगळं होतं. पण चौथा पाय कापून टेबल उभं केलं आणि ते डुगडुगायला लागलं. हात खरंच सरळ नव्हता. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून त्याने ते कोणालाही न दाखवता सारखं केलं होतं.

“नवं करून देतो तुला,” तो म्हणाला. “तसंच. त्याच मापाचं.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? तुला टेबल हवं ना?”

“मला टेबल नकोय दादा.”

“मग सही नाही करायची तुला? सरळ सांग ना. चौदा पोरं थांबलीत. तिकडे बसल्या बसल्या नाही म्हणायला काय जातं? इथे आम्ही...”

“अरे हळू,” मामा म्हणाले. आत्तापर्यंत ते दादाच्या बाकावर होते. आता उठले आणि धाकटीच्या शेजारी जाऊन बसले. बाक लहान, मामा रुंद, तिला सरकावं लागलं. “पोर अजून पाणीसुद्धा प्यायली नाही. जेवून घेऊ. उपाशीपोटी या घरात एकही निर्णय धड झालेला नाही.”

बाई उठल्या. सवयीने त्यांनी आधी बाक भिंतीला सरळ लावला, मग लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघत होती.

*

जेवणं झाल्यावर धाकटी पुन्हा सुतारखोलीत जाऊन जमिनीवर बसली, पाठ भिंतीला लावून. पलीकडच्या भिंतीवर हत्यारांच्या खुणा होत्या. हत्यारं कुठेतरी पेटीत भरली असतील. भिंतीवर त्यांच्या आकाराचे फिकट डाग तेवढे राहिले होते. करवतीचा, पटाशीचा, दोन रंध्यांचे. उद्या त्यावरही पिवळा रंग लागेल.

वहिनी चहा घेऊन आली आणि उभीच राहिली.

“बसा वहिनी.”

“बसू? मला वाटलं, मला बघून...”

“तुमच्यावर राग नाही माझा. होता, सकाळी. जेवताना गेला.”

वहिनी बसली, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा दोघी मधे कोणी नसताना बसल्या.

“ताई, एक सांगू? मला ही खोली का हवीय माहितीय? पोरांसाठी हवीय, ते आहेच. पण मी या घरात आले तेव्हा शाळा होती, बाई होत्या, वार ठरलेले होते. मी शुक्रवार झाले. चालू असलेल्यात शिरायचं, एवढंच आयुष्यभर केलं. एकदा काहीतरी माझ्या हाताने सुरू झालेलं बघायचंय. लहान गट. माझा. म्हणून घाई केली. बावळटपणा झाला.”

धाकटीने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. कोणी इतकं सरळ बोललं की तिला काही लपवणं जमत नसे.

“मी या टेबलाखाली बसायचे,” ती म्हणाली. “शाळा सुरू झाली तेव्हा मी तीन वर्षांची. पहिल्या खेपेच्या नऊ पोरांमधली एक. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, शाळेत मला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. बाकीच्या पोरांना वाईट वाटेल. बरोबरच होतं त्यांचं. मी म्हणायला लागले. मग शाळा सुटल्यावरही तेच तोंडात बसलं. कोणी बदलायला सांगितलंच नाही.”

“ह्यांनी सांगितलंय मला. गंमत म्हणून सांगतात.”

“गंमतच आहे. पण शाळा सुटली ना, की प्रत्येक पोराला न्यायला कोणीतरी यायचं. फाटकाशी सगळ्या आया. मला कोण न्यायला येणार? मी तर घरातच. एकदा मी चप्पल घालून, डबा घेऊन फाटकाबाहेर एका बाजूला जाऊन उभी राहिले. सगळी पोरं गेली. शेवटच्याला उशीर झाला, त्याच्याजवळ बाई थांबल्या, त्याला गोष्ट सांगितली, त्याची आई आली, तोही गेला. बाईंनी फाटक लावलं आणि आत गेल्या. त्यांना वाटलं, मी बाबांकडे असेन.”

“मग?”

“मग गेले बाबांकडे. ते काही बोलले नाहीत. मी टेबलाखाली जाऊन बसले, ते वर काम करत राहिले. लाकडाच्या सुरळ्या पडत होत्या, त्या गोळा केल्या. त्या दिवसापासून रोज.”

वहिनीने पुढे सरकून धाकटीच्या हातातला रिकामा कप काढून घेतला आणि तो परत तिच्याच हातात दिला.

“बाईंना माहितीय हे?”

“नाही.”

“सांगा ना मग.”

“आता सांगून काय? सदुसष्ट वर्षांच्या बाईला रडवायचं?” धाकटी थोडी हसली. “त्यांनी काही वाईट केलं नाही वहिनी. तेच तर अवघड आहे. त्या सगळ्यांशी इतक्या चांगल्या वागल्या, की तक्रार करायला तोंड नाही. मी एस.टी.च्या चौकशी खिडकीवर बसते, तिथे कधी कधी कोणी सांगतं, तुमच्या आईमुळे मी शिकलो. आणि मला वाटतं, तुला मिळाली ती. मला कधी मिळणार?”

वहिनीने दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं आणि फटीतून बाईंच्या साडीचा काठ दिसत होता.

*

बाईंना चोरून ऐकायचं नव्हतं. त्या लेकीला पांघरूण द्यायला आल्या होत्या, दुपारी आडवी व्हायची असेल तर. मग पाय निघाला नाही.

चार वाजता सगळे पुन्हा बाकांवर बसले तेव्हा पांघरुणाची घडी अजून त्यांच्या मांडीवर होती.

“मी सही करते,” धाकटी म्हणाली. “भिंत पाडा, रंग द्या, काय करायचं ते करा. लहान गट वहिनींकडे राहील, दुसऱ्या कोणाकडे नाही. हे एक.”

वहिनीने मान खाली घातली.

“आणि दुसरं?” दादाने विचारलं. त्याला वाटलं, आता काहीतरी मोठं मागणार.

“इथे सगळ्या बायका शाळेला एक वार देतात. बाई सहा देतात. त्यातला एक मला हवाय. माझी सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी बाईंनी माझ्याकडे यायचं. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. दर गुरुवारी.”

अडतीस वर्षांत बाईंनी शाळेचा एकही दिवस चुकवला नव्हता. नवरा गेला त्याच्या चौथ्या दिवशी त्या फळ्यासमोर उभ्या होत्या.

“अगं, तू ये की इकडे,” दादा म्हणाला. “आईला या वयात बसचे धक्के कशाला?”

“मी इथे आले की त्या बाई असतात. कोणी ना कोणी हाक मारतंच.”

“पण आई नसली तर गुरुवारी पोरं...”

“पोरांना मी बघेन,” वहिनी म्हणाली. “शुक्रवार माझा आहेच, गुरुवारही माझा. आणि तुम्ही आता मधे बोलू नका हो. सकाळी बोललात तेवढं पुरे.”

मामांनी “हं” केलं, आणि या वेळी त्याचा अर्थ ‘हो’ होता.

सगळे बाईंकडे बघू लागले. बाई पांघरुणाची घडी मोडून पुन्हा घालत होत्या. शाळा सोडायला त्यांना भीती वाटत नव्हती. भीती वेगळीच होती, आणि ती सांगायला लाज वाटत होती. चौतीस पोरं एकदम रडली तरी काय करायचं हे त्यांना झोपेतही आलं असतं. पण एक खोली, दोन खुर्च्या, समोर एकटी लेक, आणि सबंध दिवस!

“मी येऊन काय करू?” त्यांनी शेवटी विचारलं.

“काही करू नका.”

“तसं नव्हे गं. मला जमेल का ते विचारतेय. एकटं एकच मूल मी कधी सांभाळलं नाही. दादाच्या वेळी घर भरलेलं होतं, तुझ्या वेळी शाळा. तुझ्याकडे येऊन बसेन, आणि तासाभराने दोघींना बोलायला काही उरणार नाही. मग तुला वाटेल, हिला उगाच बोलावलं.”

“मलाही तीच भीती आहे,” धाकटी म्हणाली.

“मग?”

“मग काय. दोघींनी घाबरून बसू.”

बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, भिंतीवरच्या वारांच्या तक्त्यापाशी गेल्या. गुरुवारच्या घरात त्यांचं नाव शाईने लिहिलेलं होतं. खोडण्याची वेळ येईल असं कोणाला वाटलंच नव्हतं. त्यांनी कात्रीने ते घरच कापून काढलं आणि मागून कोरा कागद चिकटवला. त्यावर वहिनीला लिहायला लावलं. वहिनीचं अक्षर तिरकं आलं. दादाने ते पाहिलं, पण बोलला काही नाही.

धाकटीने सही केली.

*

पहिल्या गुरुवारी ती स्टँडवर साडेआठपासून उभी होती. बस नऊला यायची, हे ती दिवसातून वीस वेळा लोकांना सांगायची. तरी तिने खिडकीवरच्या सहकाऱ्याला जाऊन दोनदा विचारलं, आणि त्यानेही तिला दोनदा गंभीरपणे सांगितलं.

बाई उतरल्या. कंडक्टरने हात दिला. तो त्यांच्या शाळेतलाच निघाला. त्याच्या लहानपणीच्या कसल्या तरी खोडीची त्यांनी त्याला आठवण करून दिली, तो लाजला, बस निघून गेली, आणि मग दोघी समोरासमोर राहिल्या. आत्ताच बोलायला काही नव्हतं.

तिला दिसलं, की बाईंचे हात रिकामे होते. पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. गावाहून येणारं माणूस कधी असं येत नाही. साध्या ओळखीच्या माणसाकडे जातानासुद्धा बाई काहीतरी बांधून न्यायच्या. ज्यांच्या पोरांना शिकवलं त्यांना देण्यासाठी तर त्यांच्या कपाटात कायम काहीतरी असायचं. तिला ते लागलं. लपवायचा प्रयत्न तिने केला, पण बाईंनी तिची नजर पकडली.

“काल दिवसभर पिशवी भरत होते,” बाई म्हणाल्या. “एक घातलं, काढलं. दुसरं घातलं, काढलं. शाळेतल्या प्रत्येकाचं मला ठाऊक आहे, कोण पावाची कड टाकतो, कोणाला दुधावरची साय नको, कोण रडला की कोणतं गाणं म्हणायचं. तुझं काही आठवेना. सुनेला विचारणार होते, पण म्हटलं, तिला विचारून आणलं तर ते तिचं होईल. तुला काय आवडतं तेच मला माहीत नाही गं. म्हणून काही आणलं नाही.”

त्यांनी रिकामे हात पुढे केले आणि काय करावं न कळून तसेच धरून ठेवले.

“आता तू सांग. पहिल्यापासून सांग. आज माझ्याकडे संध्याकाळपर्यंत वेळ आहे.”

स्टँडवर गर्दी वाढत होती, कोणीतरी बाजूने विचारून गेलं, उत्तरेकडची गाडी कुठे लागते, आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकटीने त्याला उत्तर दिलं नाही.

“चहात साखर कमी लागते मला,” ती म्हणाली.

“किती?”

“अर्धा चमचा.”

“अर्धा चमचा,” बाई स्वतःशी म्हणाल्या. मग त्यांनी तिचा हात धरला आणि दोघी रस्ता ओलांडायला निघाल्या.